पाणपोई: देवगिरीच्या उन्हातली एक जुनी सोय

वाटसरूला फुकट पाणी पाजण्याची प्रथा महाराष्ट्रात किमान अठराशे-एकोणीसशे वर्षे जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत, १० क्रमांकाच्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने आपली दाने कोरून ठेवली आहेत. त्यांत नद्यांवरच्या मोफत होड्यांच्या जोडीला काठांवरच्या प्रपा, म्हणजे पाणपोया आहेत. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’चा एक अख्खा खंड दानाच्या विषयाला दिला. अक्षय्य तृतीयेचा उदककुंभ, म्हणजे पाण्याने भरलेला घडा, अजूनही दान दिला जातो, आणि तो नेमका वैशाखात येतो. पुण्याचा हिशेब मांडणाऱ्यांना ऋतू चांगला ठाऊक होता.

देवगिरीजवळच्या छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात या प्रथेने मूळ धरले, त्याचे कारण जमिनीत आणि हवामानात आहे. बेसाल्टचा काळा खडक पाणी फारसे मुरू देत नाही, पाऊस वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पैठणच्या एकनाथांची सर्वांत प्रसिद्ध कथाही तहानेचीच आहे. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी तापल्या वाळूत तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. नाथांच्या वाड्यातला रांजण तुकाराम बीजेपासून नाथषष्ठीपर्यंत भरण्याचा रिवाज फाल्गुन वद्यात, उन्हाळ्याच्या तोंडावर पाळला जातो.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली आणि तहानेचा प्रश्न दानावर न सोडता बांधकामाने सोडवला. त्याच्या नहरीने उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचे भूगर्भातले पाणी नुसत्या उताराच्या बळावर, बंदिस्त मार्गाने शहरातल्या हौदांपर्यंत आणले. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली पाणचक्की अठराव्या शतकातली. दुसऱ्या एका नहरीच्या पाण्यावर तिचे जाते फिरे आणि दर्ग्यात उतरणाऱ्यांचे पीठ निघे. तिथल्या मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. उन्हाने दमलेल्याला आडवे व्हायला मे महिन्यात याहून बरी जागा शहरात क्वचितच असेल.

नहरीचे पाणी मोहल्ल्यापर्यंत येई, रस्त्यावरच्या माणसापर्यंत रांजणच पोचे. पाणपोईची मांडणी साधी असते: वर गवताचे किंवा तरटाचे छप्पर, खाली ओल्या वाळूत बसवलेले रांजण, त्यांना गुंडाळलेले ओले गोणपाट, पाण्यात वाळ्याची जुडी आणि वाढायला लांब दांड्याचे ओगराळे. मोहरमात करबलाच्या तहानेची आठवण म्हणून सबिली, म्हणजे अशाच पाणपोया, लागतात, १४ एप्रिलला भीमजयंतीच्या मिरवणुकीत थंड पाणी आणि सरबत वाटले जाते. रांजणाच्या मातीच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी बाहेर वाळते आणि आतले गार होते. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हे इतके छान जमते की दमट मुंबईतला माठ त्यापुढे फिका पडावा.

हीच कोरडी हवा माणसाला फसवते. घाम येताक्षणी वाळतो, अंग ओले दिसत नाही आणि शरीरातले किती पाणी गेले ते कळतच नाही. शनिवार-रविवारी सकाळी दौलताबादचा किल्ला, दुपारी खुलताबाद आणि वेरूळ, संध्याकाळी पाणचक्की असा बेत आखणारे पर्यटक याला हमखास सापडतात. रक्तातले पाणी घटलेले असते, त्यात उन्हाने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. अशा वेळी चढ चढून माणूस थबकला की रक्तदाब उतरतो, मेंदूला रक्त कमी पडते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि भोवळ येते.

घामाबरोबर मीठही जाते, म्हणून अशा वेळी नुसते पाणी पुरतेच असे नाही. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारोंचे प्राण वाचवले. साखर सोबत असली की आतडे मीठ आणि पाणी वेगाने शोषते. घरी आलेल्या पाहुण्यापुढे गूळ-पाणी ठेवणाऱ्या आणि कैरीच्या पन्ह्यात मीठ घालणाऱ्या घरांनी हे प्रयोगशाळेशिवाय साधले होते, पण त्यामागचे शास्त्र त्यांना ठाऊक होते असे म्हणणे उगाच पाठ थोपटणे ठरेल.

जायकवाडी धरणाचा नाथसागर भरल्यावर शहराचे पाणी तिथून पंपाने चढून येऊ लागले आणि नहरींची देखभाल मागे पडली. तरी नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात पाणपोई संपलेली नाही. उन्हाळा लागला की चौकांत, दुकानांपुढे ती उभी राहते, फक्त रांजणाच्या जागी बऱ्याच ठिकाणी वीस लिटरचा प्लॅस्टिकचा जार आला आहे. पर्यटनस्थळांवर मात्र तिची जागा विकतच्या बाटलीने घेतली आहे.