सिसिलीचे हस्तसंकेत

भूमध्य समुद्रातील सिसिली बेटावर ग्रीक, रोमन, बायझंटाईन, अरब, नॉर्मन, स्पॅनिश अशा नाना सत्तांचा अंमल बसला आणि उठला, दरबाराची भाषा पालटली, धर्म पालटला, दफ्तरांची लिपीही पालटली. तथापि तेथील रयत हात, भुवई आणि मान यांच्याद्वारे जो संवाद करीत आली, तो या उलथापालथींना पुरून उरला.

या संकेतांच्या उगमाविषयी प्राचीन वक्तृत्वशास्त्रकारांनी एक आख्यायिका नमूद केली आहे. सिराक्यूजच्या जुलमी सत्ताधीशांनी प्रजेला बोलण्याचीच मनाई केली, तेव्हा लोक हातापायांनी व डोळ्यांनी मनोगत सांगू लागले, आणि इ. स. पू. पाचव्या शतकात ती सत्ता लयास गेल्यावर त्याच नगरीत कोराक्सने वक्तृत्वशास्त्राचा पाया घातला, असे ती सांगते. कथा मनोहर खरी. परंतु केवळ भयापोटी जन्मलेले संकेत भय सरताच विरून जावयास हवे होते, आणि सिसिलीत तर ते भरबाजारात, मोकळ्या वाणीच्या जोडीनेच नांदतात.

याहून विश्वसनीय साक्ष एका साध्या नकाराची आहे. सिसिलीतील जुन्या वळणाचा मनुष्य नकार देताना मान झटक्याने मागे नेतो, हनुवटी उचलतो आणि जिभेने ‘च्’ असा ध्वनी काढतो. ग्रीसमध्येही हीच रीत आहे, आणि होमरच्या ‘इलियड’मध्ये अथीना देवी ट्रॉयच्या स्त्रियांची प्रार्थना अशीच मान मागे नेऊन अव्हेरते. डेझ्मंड मॉरिस व त्यांचे सहकारी यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, इटलीत या रीतीची सीमा नेपल्स आणि रोम यांच्या दरम्यान पडते, म्हणजे इ. स. पू. आठव्या शतकापासून ग्रीक वसाहती जेथवर पसरल्या, स्थूलमानाने तेथवरच ती आढळते.

मग हा वारसा रक्तातून उतरतो काय? डेव्हिड एफ्रन यांनी न्यूयॉर्कमधील दक्षिण इटालियन आणि पूर्व युरोपीय ज्यू स्थलांतरितांचे हातवारे बारकाईने अभ्यासून, १९४१ साली या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर दिले: अमेरिकन समाजात मिसळलेल्या संततीचे हात पूर्वजांप्रमाणे हालत नव्हते. वंशश्रेष्ठत्वाच्या नाझी सिद्धांताला हा सप्रमाण छेद होता.

पालेर्मोचे वैद्य आणि लोकसाहित्याचे थोर संग्राहक जुझेप्पे पित्रे यांनी एकोणिसाव्या शतकात सिसिलीच्या चालीरीतींबरोबर या संकेतांचीही नोंद केली, तिचे मोल यामुळेच मोठे आहे. जी विद्या केवळ सहवासाने टिकते, ती सहवास तुटताच एका पिढीत नाहीशी होऊ शकते. म्हणून राजांच्या सनदा ज्या आस्थेने जपल्या जातात, त्याच आस्थेने सामान्य जनांच्या या विद्येचे जतन करणे हे इतिहासकाराचे कर्तव्य ठरते.