फोटो, सातबारा आणि १९६४ चा सत्याग्रह

आपल्या पोरांना महाड पाठ आहे, काळाराम पाठ आहे. झोपेतून उठवून तारीख विचारा, सांगतील. पण आसेगावच्या विहारात मी विचारलं, की आपली तीन लाखांवर माणसं एका झटक्यात तुरुंगात गेली ती कशासाठी? एक म्हणाला नामांतर. बाकीचे गप्प. ती वावरासाठी गेली होती.

मी काही डिग्रीवाला इतिहासकार नाही. अकोल्याला दाळ मिलमध्ये पोती वाहतो, पाळी सुटली की वाचतो. पण जी तूर मी भरडतो ती पिकवणाऱ्या मजुराच्या नावावर जमीन नाही, हे कळायला कॉलेज लागत नाही.

बाबासाहेबांना ते केव्हाच कळलं होतं. १९४७ साली त्यांनी घटनेसाठी जो मसुदा लिहिला त्यात शेती सरकारी मालकीची करून गावकऱ्यांनी सामूहिक कसावी, असं मांडलं. १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत त्यांनी भूमिहीन मजुराची काळजी बोलून दाखवली. डिसेंबरात ते गेले. राहिलेलं काम दादासाहेब गायकवाडांच्या अंगावर पडलं. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा हा माणूस, काळाराम सत्याग्रहात तावूनसुलाखून निघालेला. १९५९ ला मराठवाडा, खानदेश, नाशिक, नगर पेटलं. मग रिपब्लिकन पक्षाने १९६४ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपुढे मागण्या ठेवल्या. कसेल त्याला जमीन. पडीक सरकारी जमीन भूमिहीनाला. धान्याच्या भावाला लगाम. १९४८ च्या किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी. बौद्धांना सवलती. आणि संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो. ६ डिसेंबर १९६४ ला सत्याग्रह सुरू झाला.

आता महिना बघा. डिसेंबर-जानेवारी म्हणजे आपल्या वऱ्हाडात कापूस वेचणीचे, ज्वारी सोंगणीचे दिवस. मजुराची वर्षाची कमाई ह्याच दिवसांत. आमचं आसेगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात, वाशीम जिल्हा तर १९९८ चा. रोजावर जगणाऱ्या माणसाने ह्या दिवसांत तुरुंगात जायचं म्हणजे घरातली चूल विझवून जायचं. बायका कडेवर लेकरं घेऊन आत गेल्या. तुकडीमागून तुकडी. दगड नाही, काठी नाही.

काही मित्र म्हणतात, ही गांधीगिरी. मला नाही पटत. गावात आपली घरं मूठभर. आपण दगड उचलावा याची पाटील आणि फौजदार वाटच बघत असतात, मग वस्ती पेटवायला निमित्त लागत नाही. दादासाहेबांनी ते निमित्तच दिलं नाही. तुरुंग इतके भरले की कैद्यांना खाऊ घालायची पंचाईत सरकारला पडली. विनोबांचं भूदान १९५१ साली पोचमपल्लीत सुरू झालं तेही शांततेचंच. तिथे दलितांनी ८० एकर मागितली, एका जमीनदाराने १०० दिली. चांगलं झालं. पण ती त्याची मर्जी. १९६४ ला आपण कुणाची मर्जी मागितली नाही.

मिळालं काय? संसदेच्या आवारात पुतळा, २ एप्रिल १९६७. सेंट्रल हॉलमधला फोटो, १२ एप्रिल १९९०. बौद्धांना केंद्राच्या सवलतीही १९९० लाच. फोटोला पंचवीस वर्षं, मग जमिनीला किती लागावीत? १९६१ च्या सिलिंग कायद्यात १९७५ ला कोरडवाहूची मर्यादा ५४ एकरावर आणली, पण बड्यांनी लेकरांच्या, पुतण्यांच्या नावाने सातबारे आधीच फोडून घेतले होते. २८ नोव्हेंबर १९९१ चा सरकारी निर्णय मात्र आपल्या कामाचा: १४ एप्रिल १९९० पूर्वी गायरान वाहणाऱ्या दलित भूमिहीनांची अतिक्रमणं कायम करावीत. दादासाहेबांच्या नावाने २००४ ला योजना आली. चार एकर कोरडवाहू नाहीतर दोन एकर बागायत. पण तिच्यात सरकार जमीन विकत घेऊन देतं, आणि विकणारा भेटेल तेव्हा.

म्हणून ई-क्लास महत्त्वाचं. इकडे गायरानाला हेच नाव. २८ जानेवारी २०११ ला सुप्रीम कोर्टाने गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. आता कुणी तो निकाल दाखवून दम देतो. त्याच निकालात लिहिलंय, की सरकारी आदेशाने भूमिहीनांना, दलित-आदिवासींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद करता येतो. तो भाग कुणी वाचून दाखवत नाही, आपणच वाचायचा.

पटवाऱ्याकडे गाव नमुना एक-ई असतो, अतिक्रमणाची नोंदवही. त्यात १९९० आधीचं नाव आहे का ते बघा. दंडाच्या जुन्या पावत्या फेकू नका. माझी आजी त्या लुगड्याच्या घडीत ठेवायची. म्हणायची, "दंड भरला म्हंजे सरकारनं मानलं नं बापा, का हे वावर आम्हीच वाह्यतो." वकिलालाही याहून सोपं सांगता येणार नाही.

शाई पुसत चाललीय. मी झेरॉक्स काढून आणल्या. सोयाबीनची सोंगणी आटोपली की आसेगावात घरोघर जाऊन अशा पावत्या जमवायच्या आहेत. येणार असाल तर येताना कोऱ्या वहीचे दोन दस्ते आणा.