बाडापासून संगणकापर्यंत: कोल्हापुरातील खाजगी संग्रहाची परंपरा
१८५० साली स्थापन झालेल्या आणि पुढे करवीर नगर वाचन मंदिर या नावाने ओळखल्या गेलेल्या ग्रंथालयाने कोल्हापुरात वाचनाची सार्वजनिक सोय केली. परंतु उपयुक्त मजकूर स्वतःपाशी जपण्याची रीत त्याहून जुनी असून, पोथ्यांच्या काळात ती ‘बाड’, म्हणजे निवडक पदे व टिपणे हाताने उतरवून घेतलेली वही, या रूपात महाराष्ट्रभर रूढ होती. वृत्तपत्रांच्या काळात तिची जागा कात्रणवहीने घेतली.

महाजालावरील लेख साठवताना मात्र मराठी संग्राहकापुढे निराळीच अडचण आली. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरचिन्हांना ठरावीक क्रमांक देणारी प्रमाणपद्धती, हिच्यात देवनागरी १९९१ पासून असली, तरी सुरुवातीची अनेक मराठी संकेतस्थळे आपापले स्वतंत्र फाँट वापरीत. त्यामुळे तो फाँट संगणकावर नसला की जपलेला लेख निरर्थक रोमन चिन्हांची रांग होऊन बसे, आणि ही हानी कसरीने खाल्लेल्या पोथीपेक्षा लहान मानता येत नाही. परक्या सेवेवर विसंबणेही धोक्याचेच ठरले, कारण २००७ मध्ये सुरू झालेली ‘पॉकेट’ ही लेख साठवण्याची सेवा जुलै २०२५ मध्ये बंद झाली. म्हणून लेखाची प्रत युनिकोडमध्ये, मूळ पत्ता व तारखेसह, स्वतःच्या संगणकावर ठेवणे हाच अधिक भरवशाचा मार्ग होय.