देवळापुढील हिरवळ

महोत्सवाची तयारी सुरू झाली, तेव्हां पहिला प्रश्न निघाला तो देवळापुढील आवाराचा. पावसाळ्यांत तेथें चिखल होतो, उन्हाळ्यांत धूळ उडते, म्हातारीं माणसें घसरतात. म्हणून सर्व आवार फरशीनें मढवून टाकावें, असें कित्येकांनीं सुचविलें. आम्हीही प्रथम त्याच पक्षाचे होतों. तथापि ज्या हिरवळीवर मिस्सानंतर चार शेजारी उभे राहून एकमेकांची ख्यालीखुशाली पुसतात, आणि जिच्यावरून आमच्या वाडवडिलांच्या शवपेट्या कबरस्थानाकडे गेल्या, ती दगडाखालीं घालण्यापूर्वीं तिचा थोडा इतिहास पाहावा, असें मनांत आलें. तो पाहिल्यावर आमचें मत पालटलें. तो येथें सादर करितों.

हिरवळ म्हणजे साहेबलोकांच्या बंगल्यापुढील शोभा, असा आपल्याकडे समज आहे. परंतु साहेबांच्या बंगल्याच्या कितीतरी आधीं ती युरोपांतील मठांत होती. मठाच्या मधोमध चौकोनी अंगण, त्याच्या चारी बाजूंस छप्पर घातलेल्या ओसऱ्या, आणि अंगणांत साधें हिरवें गवत, अशी रचना पुष्कळ ठिकाणीं असे. बाराव्या शतकांत फ्रान्स देशांतील ह्यूग द फुय्वा या धर्मगुरूनें लिहून ठेविलें आहे, कीं अंगणांतील हिरवळीनें मठवासीयांचे थकलेले डोळे निवतात आणि अभ्यासाची इच्छा पुन्हा जागी होते. म्हणजे हिरवळ ही ऐषआरामाची वस्तु नसून प्रार्थनेची व विद्येची सोबतीण होती.

हिरवळ करण्याची रीत सविस्तर सांगितली ती तर एका संतानेंच. महान संत आल्बर्ट हे इ. स. १२०० च्या सुमारास डॅन्यूब नदीकाठच्या लाउइंगन गांवीं जन्मले. ते डोमिनिकन संघाचे संन्यासी, संत थॉमस अक्वायनस यांचे गुरु, आणि १२६० सालीं रेगेन्सबुर्गचे बिशप झाले. देवाच्या वचनाइतकीच देवाच्या सृष्टीची त्यांस ओढ होती. वनस्पतींविषयीं त्यांनीं सात भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या शेवटच्या भागांत ही रीत दिली आहे.

ती अशी. प्रथम जागा खणून जुनीं मुळें काढावीं व जमीन सपाट करावी. मग तीवर उकळतें पाणी ओतावें, म्हणजे मातींत राहिलेलीं मुळें व बीं पुन्हा उगवणार नाहींत. नंतर बारीक गवताचे मातीसकट काढलेले तुकडे तेथें बसवावे. ते रुंद लाकडी चोपण्यांनीं चोपावे आणि पायांनीं तुडवावे; इतके, कीं गवताचें एक पातेंही धड दिसूं नये. एवढें झाल्यावर तें हळूहळू वर येतें, आणि हिरवें वस्त्र पसरावें तशी जमीन झांकून टाकतें. हिरवळीच्या मध्यें झाडें लावूं नयेत, नाहींतर फांद्यांमधील कोळ्यांचीं जाळीं येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडास लागतात, एवढी बारीक गोष्टही हे बिशपमहाराज सांगावयास विसरले नाहींत! १९३१ सालीं पोप अकरावे पायस यांनीं त्यांस संतपद देऊन ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केलें.

पुढें १३०५ च्या सुमारास बोलोन्या येथील पिएत्रो क्रेशेन्झी यानें आपल्या शेतीच्या ग्रंथांत आल्बर्टांची रीत घेतली, आणि गवत वर्षांतून दोनदां कापावें, म्हणजे तें सुंदर राहातें, अशी सूचना केली. त्यानंतर कित्येक शतकें तें काम लांब दांड्याच्या विळ्यानेंच होई. १८३० सालीं इंग्लंडांत एडविन बडिंग यानें गवत कापण्याचें यंत्र काढलें. गिरणींत लोकरीच्या कापडावरील केंस कातरण्याचें यंत्र पाहून त्यास ही कल्पना सुचली. संतांनीं ज्यास हिरव्या वस्त्राची उपमा दिली, तें अखेर वस्त्रासारखेंच कातरलें गेलें!

आमच्या आवारांतील गवत मात्र त्या देशांतलें नव्हे. ही आमची हरळी. शेतांत शिरली तर शेतकरी तिला शिव्या देतो. देवळापुढें मात्र ती भूषण होते. तिचा प्रत्येक पेर जमिनीस टेंकला कीं मूळ धरतो. युरोपांत पुनरुत्थानाचा सण वसंताच्या हिरवाईंत येतो. आमच्याकडे त्या वेळीं गवत उपवासकाळांतील राखेसारखें करडें असतें, आणि आमचें हिरवें पुनरुत्थान मृगाच्या सरींबरोबर होतें. म्हणून आमचें पंचांगही निराळें. पावसापूर्वीं खळगे भरावे. पावसांत तण उपटावें. गवत कापतांना अगदीं मुळापर्यंत कापूं नये. आणि दोन नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनापूर्वीं जेव्हां आपण आप्तांच्या कबरींवरील गवत काढतों, तेव्हांच आवाराचीही शेवटची कापणी करावी. त्याच महिन्याच्या १५ तारखेस संत आल्बर्टांचा सण येतो, कारण १२८० सालीं त्या दिवशीं कोलोन येथें ते देवाघरीं गेले.

एका वर्षीं सणाचा मंडप बरेच दिवस उभा राहिला. तो काढला तेव्हां खालची जमीन पांढुरकी पडली होती, आणि आता येथें कांहीं उगवत नाहीं, असें आम्हीच बोललों होतों. जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत आमचें बोलणें खोटें ठरलें. तुडवलेलें गवत मेलेलें नसतें, हें सातशें वर्षांपूर्वींच्या संतास ठाऊक होतें. आम्हांस मात्र आमच्या अंगणांत पाहूनही उमजलें नव्हतें. आमच्या वडिलांनीं गरिबी सोसली, साथी सोसल्या, मोडकळलेलें देऊळ पुन्हा उभारलें. तेही असेच दृष्टीआड होऊन रुजले, आणि त्यांच्यावर आज हा महोत्सव उभा आहे.

अखेर असें ठरलें, कीं वृद्धांसाठीं देवळाच्या दारापर्यंत फरशीची एक रुंद वाट करावी आणि बाकीचें आवार हिरवें ठेवावें. मात्र हिरवळ ठेवणें म्हणजे ती राखणेंही आलें. फरशी एकदां घातली कीं काम संपतें. गवताचें काम दर वर्षीं पुन्हा आरंभावें लागतें. श्रद्धेचेंही तसेंच आहे. म्हणून प्रत्येक कुटुंबानें वर्षांतून एक दिवस विळा घेऊन यावें, ही आमची नम्र विनंति. वाढ देणारा प्रभु आहे. तण काढणें तेवढें त्यानें आपणांकडे ठेविलें आहे.