फराहबाग : पाण्यातला महाल

अहमदनगरचा (२०२४ पासून अहिल्यानगर) इतिहास आपण लढायांपासून सुरू करतो. खरे तर तो एका बागेपासून सुरू होतो. १४९० मध्ये मलिक अहमदने बहमनी फौजेचा पराभव केला, त्या जागी त्याने बाग निझाम लावली. शहर त्यानंतर बागेशेजारी वसले. हा अहमद कुठला? फरिश्ता सांगतो, त्याचा बाप मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला. म्हणजे निझामशाहीचे मूळ आपल्या गोदाकाठच्या मातीतच सापडते.

या घराण्याच्या बागांपैकी फराहबागेचा महाल आजही उभा आहे. सलाबतखानाच्या देखरेखीखाली तो १५८३ मध्ये पुरा झाला. अष्टकोनी, दुमजली, मध्ये घुमटाचा उंच दिवाणखाना आणि चहूबाजूंनी तलाव. पाण्यावरून येणारा वारा कमानींतून आत शिरे आणि दख्खनचा उन्हाळा सुसह्य होई. आसपासच्या गावांतून खापरी नळांनी शहराला आणि बागांना पाणी येत असे. कापूरवाडी, शेंडी ही त्यातली काही गावे. बादशहाचे नाव तवारिखेत राहिले. चर खणणारे, खापऱ्या भाजणारे, चुना मळणारे मात्र बिननावाचे गेले. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज दरबारात नव्हते, अशाच कामांवर होते.

ज्याच्यासाठी हे उभारले, त्या मुर्तजा निझामशहाला सुख लाभले नाही. तो एकांतात राहू लागला, लोक त्याला दिवाणा म्हणू लागले. १५८८ मध्ये मुलानेच, मीरान हुसेनने, त्याचा जीव घेतला. सलाबतखानाची कबर शहराबाहेरच्या डोंगरावर आहे. त्या वास्तूला मात्र लोक चांदबीबीचा महाल म्हणतात.

आज फराहबागेचा तलाव कोरडा आहे आणि बाग उरलेली नाही. आम्हाला खंत आहे ती वेगळीच. कोणी आमचा वारसा नाकारला की आम्ही चिडतो. पण तो वारसा बघायला आम्ही स्वतः किती वेळा जातो? ताजमहालाचे चित्र आमच्या भिंतीवर असते, फराहबागेचा रस्ता मात्र विचारावा लागतो. मुलांना एकदा तिथे न्यावे. कमानी दाखवाव्यात, पण त्याआधी पाणी कुठून आणि कोणाच्या हातांनी आले, ते सांगावे.