सेपिया : विटलेला की टिकवलेला?

जालन्यातल्या जुन्या वाड्यांत पणजोबांचा फेटा बांधलेला तपकिरी फोटो भिंतीवर असतो. नातवंडं त्याला ‘सेपिया झालाय’ म्हणतात. त्यांच्या लेखी सेपिया म्हणजे जुनं होऊन विटलेलं. मोबाइलच्या फिल्टरने हा अर्थ आणखी पक्का केला. मला तो या शब्दावर अन्याय वाटतो.

ग्रीक भाषेत ‘सेपिया’ हा रंग नव्हे, समुद्रातला जीव; कोकणातल्या माकुलांच्या जातकुळीतला. जिवावर बेतलं की तो काळपट तपकिरी शाई सोडून निसटतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातले चित्रकार ती शाई वापरू लागले आणि जीवाचं नाव रंगाला चिकटलं. होमिओपॅथीतलं ‘सेपिया’ हे औषधही त्याच शाईचं. फोटोत मात्र तिचा थेंबही नसतो. तिथे छापलेल्या चित्रातल्या चांदीचं गंधकाशी संयुग घडवतात. कुजक्या अंड्यांचा वास खोलीभर सुटतो आणि काळ्या सावल्या तपकिरी होतात. हे संयुग नुसत्या चांदीपेक्षा हवेला पुरून उरतं. म्हणजे फोटो सेपिया करायचा तो टिकावा म्हणून!

आपला ‘तपकिरी’ही असाच वस्तूवरून आला, डबीतल्या तपकिरीवरून. ‘शाई’चं मूळ फारसी ‘सियाही’, म्हणजे काळेपणा. तिच्याआधीचा शब्द मसी. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत 1608 साली जन्मलेल्या समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला, आणि तिथे अक्षर मसीने काळंभोर उमटायला हवं असा त्यांचा आग्रह आहे. काजळीची मसी शतकानुशतकं काळीच राहते. म्हणून जुन्या पोथीत कागद तपकिरी होतो, अक्षर नाही. पोथीचा तो तपकिरी वयाचा, फोटोतला माणसाने मुद्दाम आणलेला. दोन्हींना सेपिया म्हटलं की फोटो धुणाऱ्याची सगळी मेहनत पुसली जाते.

तेव्हा भिंतीवरचा फोटो उजेडात नीट पाहावा. फेट्याच्या घड्या, मिशीची टोकं फिकट होऊन कागदात मिसळली असतील, तर तो विटलाय, खुशाल तसं म्हणावं. घडी न् घडी ठसठशीत असेल आणि सावल्या दाट तपकिरी, तर बहुधा तो सेपिया केलेला आहे.