बंद न करता दुरुस्ती

लिनक्सच्या गाभ्यातलं, म्हणजे कर्नलमधलं भगदाड बुजवणारा कोड बहुधा लगेच मिळतो. अडतं ते रीबूटपाशी. एमआयटीत सर्व्हर सांभाळणाऱ्या जेफ अर्नॉल्डने वापरणाऱ्यांची गैरसोय नको म्हणून रीबूट शनिवार-रविवारवर ढकलला आणि मधल्या दिवसांत घुसखोर आत शिरले. त्या चडफडीतून 2008 मध्ये ‘केस्प्लाइस’ जाहीर झालं.

युक्ती धाडसी होती. जुना आणि दुरुस्त कर्नल दोन्ही कंपाइल करायचे, बदललेली फंक्शनं तेवढी वेगळी काढायची, त्यांचं मॉड्यूल चालत्या कर्नलमध्ये चढवायचं आणि जुन्या फंक्शनच्या तोंडाशी नव्याकडे उडी मारणारी सूचना लिहायची. मे 2005 ते मे 2008 मधल्या 64 सुरक्षा-त्रुटींवर त्याने हे करून पाहिलं. 56 ठिकाणी जादा कोड लिहावाच लागला नाही. जुलै 2011 मध्ये ओरॅकलने केस्प्लाइसची कंपनी विकत घेतली, आणि मग इतरांना आपापली वाट काढणं भाग पडलं.

2014 मध्ये लिनक्स विकणाऱ्या कंपन्यांपैकी रेड हॅटने ‘केपॅच’ आणि सुसेने ‘केग्राफ्ट’ पुढे आणलं. पहिलं सगळे प्रोसेसर क्षणभर रोखून बदल करायचं, दुसरं एकेका प्रोसेसला सवडीने नव्या कोडवर न्यायचं. एप्रिल 2015 च्या लिनक्स 4.0 मध्ये दोघांचा सामाईक पाया आला. दोन्ही पद्धतींचा मेळ बसायला 2017 मधली 4.12 आवृत्ती उजाडली.

कौतुक या शोधाचं झालं, पण खरी कटकट पॅकेज बांधण्यात होती. मॉड्यूल नेमक्या त्याच बिल्डच्या कर्नलवर चालतं, शेजारच्या आवृत्तीवर नाही. यवतमाळच्या प्रेसमधून निघणाऱ्या रुईच्या गाठीवर प्रेसची खूण आणि क्रमांक असतो, तसा या पॅकेजच्या, म्हणजे आरपीएम फाइलच्या नावातच कर्नलचा पूर्ण क्रमांक गोवलेला असतो. रेड हॅटने तर आधी रिकामं पॅकेज देण्याची पद्धत पाडली. आत पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, नसतो. ते बसवलेलं असलं, की पुढे खरा पॅच नेहमीच्या अपडेटमधून येतो. नवं पॅकेज आधीच्या सगळ्या दुरुस्त्या पोटात घेऊन येतं. असा जुना पॅच एका झटक्यात बदलण्याची सोय मूळ कर्नलमध्ये 2019 च्या 5.1 मध्ये झाली. उबुंटूने वेगळा रस्ता धरला: ऑक्टोबर 2016 पासून ‘स्नॅप’ या पॅकेज-पद्धतीने बसवलेला छोटा प्रोग्राम पॅच थेट उबुंटूच्या कंपनीच्या, कॅनॉनिकलच्या सर्व्हरवरून उतरवून घेतो.

याची गरज सगळ्यांनाच सारखी नसते. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने सौद्यांची यंत्रणा लिनक्सवर नेली. तिथले नेहमीचे सौदे दुपारी साडेतीनला थांबतात, म्हणजे रीबूटला रात्र मोकळी. 2016 मध्ये सुरू झालेल्या यूपीआयला मात्र रात्रही नाही, रविवारही नाही. अशा अखंड चालणाऱ्या कामांसाठीच ही सगळी खटपट.

तरी रीबूटपासूनची ही सूट अमर्याद नाही. डेटाची रचनाच बदलणारी दुरुस्ती चालत्या यंत्रात घालणं जिकिरीचं असतं, काही वेळा अशक्यच. शिवाय एका कर्नलसाठी रेड हॅट साधारण सहा महिने आणि सुसे वर्षभर असे पॅच पुरवते. त्यानंतर रीबूट चुकत नाही.